मोडलेली सोयरीक आणि परत न गेलेला डबा

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. इतरांना धागा लागावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहता, कृषी केंद्रात कामाला आहात. चार वर्षं एका मुलीवर प्रेम होतं. गेल्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, तेही आठ किलोमीटरवरच्या गावात. त्यावर तुम्ही तीन कथा लिहिल्यात आणि वाचणारे तिन्हींना 'रडगाणं' म्हणतात. तुम्हाला विचारायचंय की अशी कथा खरी कशी वाटेल, संवाद वऱ्हाडीत लिहावे की नाही, आणि नायक शेवटी 'मूव्ह ऑन' झालेला कसा दाखवावा, कारण तुम्ही स्वतः अजून झालेला नाहीत. जाता जाता एक ओळ तुम्ही लिहिली आहे: 'नायकाला मारून टाकलं तर शेवट जमेल असं वाटतं.' त्या ओळीकडे मी नंतर येते, पण येणार नक्की.

माझ्याबद्दल एवढंच की मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. गेली एकोणीस वर्षं एका दिवाळी अंकाकडे आलेल्या कथा पहिल्यांदा मी वाचते, आणि तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एकदा आमची कथा-बैठक भरते. तुटलेल्या प्रेमाच्या कथा सगळ्यात जास्त येतात. त्यातल्या बऱ्याच परत जातात, आणि त्या परत पाठवताना मला वाईट वाटतं, कारण त्यांच्यामागचं दुःख खोटं नसतं.

तुम्ही कथेतला एक तुकडा नमुन्याला दिलाय: 'ती गेली आणि माझ्या आयुष्याचं वाळवंट झालं. मांडवात बसताना तिला एकदाही माझी आठवण आली नसेल का?' दुसऱ्या वाक्यावर मी थांबले. हा प्रश्न तुम्ही वाचकाला विचारलेला नाही, तिला विचारलाय. तुमच्या कथा म्हणजे तिला लिहिलेली पत्रं आहेत, पत्ता तेवढा खोडलेला. दुसऱ्याचं पत्र हाती पडलं की माणूस अवघडतो, आणि अवघडला की 'रडगाणं' म्हणून मोकळा होतो. दुःख जास्त झालं अशी त्यांची तक्रार नसावी. त्यांना आत शिरायला जागा सापडत नाही.

पहिल्या वाक्याचं बोलायचं तर वाळवंट तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंय ते मृगात पेरून पावसाने ताण दिल्यावर दुबार पेरणीला आलेलं वावर. तेच का आलं नाही कथेत?

हे मी अधिकाराने सांगते, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. मी तेवीस वर्षांची असताना माझी सोयरीक मोडली. साक्षगंध झालं होतं, वैशाखातली तारीख धरली होती. माघात मुलाकडून नकाराचा निरोप आला. दोन्हीकडची चार-चार माणसं आमच्या सपरीत बसली आणि वहीचं पान फाडून देण्याघेण्याची यादी झाली. साडी, अंगठी, कपडे, साक्षगंधाच्या जेवणाचा अर्धा खर्च. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. पुढे मी त्यावर बावीस पानांची कथा लिहिली. तिच्यात विजा कडाडत होत्या आणि 'विश्वासघात' हा शब्द सात वेळा आला होता. ज्या सरांना दाखवली, त्यांनी ती परत देताना एकच विचारलं, 'यादीत नसलेलं काही घरात राहिलं होतं का?'

राहिलं होतं. साक्षगंधानंतरच्या दिवाळीला मुलाच्या आईने स्टीलच्या डब्यात करंज्या धाडल्या होत्या. झाकणावर त्याच्या वडिलांचं नाव होतं, ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं. तो डबा यादीत कोणी लिहिला नव्हता. वडील म्हणाले, देऊन टाका. माय म्हणाली, 'भांडं रिकामं कसं धाडू? आन् भरून धाडू त काय भरून धाडू?'

आपल्याकडे शेजारून वाटी आली तरी ती रिकामी परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. पण ज्या घराने नाही म्हटलं, त्या घरी साखर कोणत्या तोंडाने पाठवायची? म्हणून डबा आमच्याकडेच राहिला. माय त्यात जिरं ठेवायला लागली. फोडणी टाकायला गेलं की ते नाव डोळ्यांसमोर यायचं, बोटाखाली लागायचं. बावीस पानांत हे कुठेच नव्हतं. मला ती किरकोळ गोष्ट वाटली होती.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही प्रश्नात एका ओळीत लिहून गेलात की जूनमध्ये ती नवऱ्यासोबत सोयाबीनचं बियाणं घ्यायला तुमच्याच दुकानात आली होती. एक ओळ! आणि कथांमध्ये मात्र तळ्याकाठची संध्याकाळ, पाऊस, वाळलेलं गुलाबाचं फूल. दादा, तुमची कथा त्या दुकानात आहे.

शहरात नातं तुटलं की माणूस सहसा नजरेआड होतो. नंबर बंद केला, रस्ता बदलला की झालं. आपल्या गावांत माणूस कुठे जात नाही. बाजार एक, बँक एक, सकाळची बस एक. ज्याच्याशी बोलणं तुटलं त्याच्याच धुऱ्यावरून आपली बंडी जाते. म्हणून आपल्याकडच्या वियोगाच्या कथेत आठवणीला फारसं काम नसतं, तिथे रोजच्या व्यवहाराला काम असतं. कोणी कोणता रस्ता सोडला, कोण बाजारात सकाळऐवजी उन्हं कलल्यावर जायला लागलं, आरतीला कोण मागच्या रांगेत उभं राहायला लागलं, हे लिहा. 'त्याला फार दुःख झालं' असं लिहिण्याची पाळी येणार नाही.

ते दुकान जरा जवळून बघू. बियाण्याचं बिल तुम्ही लिहिता. त्यावर शेतकऱ्याचं नाव येतं, गाव येतं, वाण आणि लॉट नंबर येतो, खाली घेणाऱ्याची सही. म्हणजे तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव तुम्हाला स्वतःच्या हाताने लिहावं लागलं. तुम्ही ते विचारलंत का? की ते तुम्हाला आधीच पाठ होतं, आणि माहीत नसल्यासारखं विचारावं लागलं? मग गिऱ्हाइकाला तुम्ही जे रोज सांगता ते सांगितलं असेल: गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघा, सत्तर तरी उगवले पाहिजेत. पंचाहत्तर-शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पिशवी, टॅग आणि बिल जपून ठेवा, मूठभर बियाणं बाजूला काढून ठेवा, उगवलं नाही तर तक्रारीला लागतं. दिवसातून चाळीस जणांना तुम्ही हे न बघता सांगता. त्या दिवशी तुम्ही ते कसं सांगितलंत? पटकन आटोपलंत, की एक-एक वाक्य सावकाश बोललात? त्या घरचं वावर उगवावं असं तुम्हाला वाटलं, की क्षणभर वाटलं उगवू नये?

हे शेवटचं लिहायला धीर लागतो. दोन्ही वाटलं असेल तर दोन्ही लिहा. आपण चांगलेच आहोत असं दाखवायला निघालेली कथा वाचकाला लगेच ओळखू येते.

ती तेव्हा कुठे उभी होती, हे तर मला फार जाणून घ्यायचंय. दुकानाच्या पायरीवर, आत, की मोटारसायकलजवळ? डोक्यावर पदर होता का? तिने वाणाचं नाव सुचवलं का? तुमच्या तिन्ही कथांत तिला एकही वाक्य नाही. ती फक्त जाते. तिच्या जाण्याला कारण आहे, आणि ते तुम्हाला पटलं नाही तरी कथेत ते तिच्या बाजूने खरं असलं पाहिजे. कदाचित धाकट्या दोन बहिणींची लग्नं होती. कदाचित तिने तुम्हाला दोनदा सांगितलं होतं की घरी येऊन बोल, आणि तुम्ही 'या हंगामानंतर' म्हणालात. असं काही झालं होतं का, हे मला विचारायचं नाही. ते तुमचं तुम्हाला माहीत. पण एक पान तिच्या बाजूने लिहून बघा. सासरी पहिल्या वर्षी कापूस वेचायला गेली आहे, ओटी भरली आहे, बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडा सोलल्या आहेत, संध्याकाळी झाडाला टांगलेल्या काट्यावर कापूस मोजून घेताना शेजारची बाई विचारते, 'मन लागलं का वं बाई आता?' त्यावर ती काय म्हणेल, ते लिहा. हे पान कथेत आलं नाही तरी चालेल. तुम्ही ते लिहिलंय हे कथेला कळतं.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला गंभीरपणे सांगायची आहे. तिचं गाव आठ किलोमीटरवर आहे. तुमची कथा कुठेही छापून आली तरी कोणीतरी त्या पानांचा फोटो काढून गटावर टाकणार, आणि संध्याकाळपर्यंत कथा तिच्या सासूच्या मोबाईलमध्ये पोहोचणार. नुसतं नाव बदलून भागत नाही, गावात माणूस नावाने कमी आणि खुणांनी जास्त ओळखला जातो. तुम्ही कथा लिहून मोकळे व्हाल, जबाब तिला द्यावा लागेल. म्हणून मी बैठकीत सांगते ते तुम्हालाही सांगते. पहिला खर्डा जसं घडलं तसाच लिहा आणि कोणालाही दाखवू नका. दुसऱ्या खर्ड्यात धंदा बदला, पीक बदला, गावाची दिशा बदला, घरातली माणसं बदला. कृषी केंद्राऐवजी जिनिंगवर कापसाच्या वजनाची काटापट्टी लिहिणारा मुलगा करा, किंवा दूध संकलन केंद्रावर सकाळी फॅट लावून वहीत नाव टाकणारा. एकच गोष्ट राखा: तिच्या नवऱ्याचं नाव त्याला स्वतःच्या हाताने लिहावं लागतं. कथेचा जीव त्यात आहे, बाकी सगळं बदलता येतं. उलट दूध केंद्र केलं तर ते नाव रोज लिहावं लागेल, आणि कथा आणखी घट्ट होईल.

जखम किती ताजी आहे यावरही बरंच ठरतं. काहींना वर्षभरात लिहिता येतं, काहींना दहा वर्षं लागतात. मला अकरा लागली. कोणी तुम्हाला ठरावीक मुदत सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. एक ओळखण्याची खूण मात्र माझ्याकडे आहे. तिच्या नवऱ्याला एखादं चांगलं, साधं, माणसासारखं वाक्य बोलायला देता येतं का, बघा. देता येत नसेल तर अजून थांबा, तोवर वहीत नुसती टिपणं ठेवा.

आता वऱ्हाडीचं. संवाद वऱ्हाडीत लिहा असंच मी म्हणेन, पण जपून. आपली बोली इतकी वर्षं हसवायला वापरली गेली आहे की 'कायले', 'काऊन' दिसलं की बाहेरचा वाचक आधी हसायला तयार होतो. दुःखाच्या प्रसंगात ते हसू आडवं येतं. त्यावर माझा उपाय म्हणजे लहान वाक्यं. वऱ्हाडीतलं दुःख लांब बोलत नाही. माझ्या मायची दोन वाक्यं वर दिली आहेत, त्यांत एकही भावनेचा शब्द नाही. उच्चार जसाच्या तसा उतरवायचा अट्टहासही नको. 'मले', 'तुले', 'करून रायला' अशा तीन-चार खुणा धरा आणि त्या शेवटपर्यंत सारख्या पाळा. 'डोळा'चा 'डोया' आणि 'पाणी'चं 'पानी' प्रत्येक ओळीत करायला गेलात तर वाचक अक्षरं सोडवत बसेल. आणि तुमच्या बाजूचीच बोली लिहा. वऱ्हाड म्हणजे सगळा विदर्भ नव्हे. भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली वेगळी आहे, आणि तिथल्या वाचकाला उसनी बोली लगेच कळते.

बोलीपेक्षाही मला शब्दांची जास्त काळजी वाटते. तुमच्या कथेत 'ब्रेकअप' हा शब्द अकरा वेळा आहे. तुम्ही मित्रांत तो म्हणत असाल, तर नायकाच्या तोंडी राहू द्या. पण गाव काय म्हणतं? 'बिनसलं', 'सोयरीक मोडली', 'फारकत झाली', 'पोरीले टाकली', 'माहेरी येऊन बसली'. यातला प्रत्येक शब्द कोणाच्या तरी बाजूचा आहे. 'माहेरी येऊन बसली' हाच बघा. माझ्या शेजारी अशी एक 'बसलेली' मुलगी होती. पहाटे पाचला उठून घरचं आवरून ती निंदणाला मजुरीने जायची, संध्याकाळी चार घरचे कपडे शिवायची. ती बसलेली मी कधी पाहिली नाही. पण गावाच्या भाषेत ती बसलीच होती, मरेपर्यंत. एवढ्या एका क्रियापदावर अख्खी कथा उभी राहते.

लग्नानंतर तुटलेल्या नात्यावर लिहायचं असेल, आणि कधीतरी तुम्ही लिहाल, तर आधी व्यवहार नीट माहीत करून घ्या. आमच्याकडे येणाऱ्या कथांत कागद पोस्टाने येतात, सही होते, महिन्यात घटस्फोट. तसं नसतं. हिंदू विवाह कायदा 1955 चा आहे. त्याच्या कलम 13-ब प्रमाणे दोघांच्या संमतीने वेगळं व्हायचं तर आधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्ज केल्यावर पुन्हा सहा महिने थांबावं लागतं. ही सहा महिन्यांची अट न्यायालय योग्य वाटल्यास माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आहे. स्टँपपेपरवर लिहिलेली फारकत गावात चालून जाते, कोर्टात मात्र समाजाची तशी जुनी रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं. हे सगळं कथेत लिहायचं नाही. पण ते माहीत असलं की कथेच्या जागा दिसतात. हे सहा महिने घ्या. दोघांचं माहेर-सासर एकाच रस्त्यावर. तारखेला यवतमाळला वेळेत पोचवणारी बस एकच. म्हणजे नातं संपवायला दोघं एकाच बसने जाणार. आमच्या बैठकीत एका बाईने हीच कथा लिहिली. कंडक्टर तिला ओळखतो, दोघांनाही ओळखतो. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना निम्मं भाडं आहे. कंडक्टरने तिला अर्धं तिकीट फाडलं, नवऱ्याला पूर्ण, आणि सवयीने दोन्ही तिकिटं नवऱ्याच्याच हातात दिली. पुढे तिचं तिकीट तिच्यापर्यंत कसं पोचतं, एवढीच ती कथा. पाच पानं. वाचून झाल्यावर खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

थोडक्यात, आतापर्यंतचं: तिला पत्र लिहिणं थांबवा, यादीत नसलेली वस्तू शोधा, तिच्या जाण्याला तिचं कारण द्या, आणि तिची ओळख झाका. आता शेवटाचं.

नायकाला मारू नका. मरण आलं की दुसऱ्या दिवसाची सकाळ लिहावी लागत नाही, आणि अशा कथेत अवघड असते ती सकाळच. हे झालं लिहिण्यापुरतं कारण. दुसरं कारण आपल्या जिल्ह्याचं आहे. इथे कितीतरी घरांत भिंतीवर हार घातलेला फोटो आहे आणि त्याच्याखाली अभ्यास करणारी पोरं आहेत. तुमची कथा ती पोरं वाचणार. त्यांच्यासमोर मरण हा सुटकेचा उपाय म्हणून ठेवायला मला जमत नाही, तुम्हालाही जमू नये असं मनापासून वाटतं. आणि ती ओळ कथेबद्दल नसून तुमच्याबद्दल असेल, रात्री तसं काही मनात येत असेल, तर कथा राहू द्या बाजूला. घरातल्या किंवा मित्रांतल्या एका माणसाला आजच सांगा. 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या सरकारी सेवेचा नंबर आहे, रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. फोन करण्यात कमीपणा नाही. मला खाजगीत लिहिलंत तरी मी उत्तर देईन.

'मूव्ह ऑन'चं म्हणाल, तर या शब्दानेच तुमचा शेवट अडवून ठेवलाय. त्यात पुढे जाणं आहे, आणि तुमच्या नायकाला जायला कुठे जागाच नाही. तो त्याच दुकानात, त्याच गावात राहणार. आपली माणसं काय विचारतात? 'आता मन लागते का कामात?' सासरी गेलेल्या मुलीलाही तेच विचारतात, 'मन लागलं का?' म्हणजे ती तिकडे आणि तुम्ही इकडे, दोघांनाही गाव एकच प्रश्न विचारतंय. आहे त्याच जागी मन पुन्हा धरणं, एवढंच त्यात आहे. ते हळू होतं, कळत नाही, आणि झाल्यावर एखाद्या फालतू क्षणी ध्यानात येतं. कथेचा शेवट म्हणून असाच क्षण शोधा.

माझ्या डब्याचं काय झालं ते सांगते. नऊ वर्षं तो आमच्या फळीवर होता. मधे माझं लग्न झालं, मुलगी झाली. मी माहेरी गेलेली असताना एका सकाळी कळलं, ज्यांचं नाव झाकणावर होतं ते वारले. मयताच्या घरी चूल पेटत नाही, नात्यातले-शेजारचे जेवण नेतात. माय काही बोलली नाही. तिने डब्यातलं जिरं कागदावर काढलं, डबा राखेने घासला, त्यात पिठलं भरलं, भाकरी फडक्यात बांधल्या आणि मला म्हणाली, 'चाल, येतं का?' आम्ही दोघी बसने गेलो. त्याच्या आईने डबा हातात घेतला, झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं आणि मायला म्हणाली, 'इतके दिवस ठेवला तुमी.' माय म्हणाली, 'भरायले काई सापडे ना.' तो मुलगा, म्हणजे तेव्हाचा मोठा माणूस, ओसरीत डोकं भादरून बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, याने सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. बस्स, एवढंच वाटलं. परतीच्या बसमध्ये माझ्या ध्यानात आलं की दुसरं काही वाटलंच नव्हतं. दोन वर्षांनी मी ती कथा लिहिली, सहा पानांची. 'विश्वासघात' हा शब्द तिच्यात एकदाही आला नाही, आणि मला तो गाळावा लागला नव्हता.

तुमचा शेवट तुमच्या धंद्यातच आहे असं मला दिसतं. जूनमध्ये विकलेलं सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे सोंगणीला येतं. म्हणजे बिल फाडल्यापासून सोंगणीपर्यंत शंभरेक दिवस तुम्हाला फुकट मिळाले आहेत, कथेचा काळ तोच ठेवा. मधे पाऊस ताण देईल तेव्हा नायक कोणाच्या वावराचा विचार करतो, हे एका परिच्छेदात येऊ द्या. मग तिचा नवरा हरभऱ्याचं बियाणं घ्यायला परत दुकानात येतो, या वेळी एकटा. नायक त्याला पिकाच्या उताऱ्याचं विचारतो, 'एकरी काय झडती लागली?' तो आकडा सांगतो. नायक म्हणतो, 'बरी लागली,' आणि बिलबुक ओढतो. तिची चौकशी त्याने केली नाही, आणि करायची राहिली असंही त्याला वाटलं नाही. इथे थांबता येतं का बघा. मी सांगितलंय म्हणून हाच शेवट करू नका. तुमच्या वहीतून याहून खरा निघाला तर तो घ्या. अजून तिथवर पोचला नसाल तर कथा ताण दिलेल्या पावसातच सोडा, तीही पुरी असते.

दिवाळी अंकांकडे कथा उन्हाळा संपता संपता गेलेली बरी, म्हणजे संपादकाला वाचायला वेळ मिळतो. दीड-दोन हजार शब्द पुरे. दुकानाचा पहिला खर्डा झाला की तो स्वतःजवळच ठेवा, ठरलंय तसं. मला दुसरा पाठवा. फक्त पहिला लिहिताना एक गोष्ट आठवून बघा: बिलावर सही करायला तिच्या नवऱ्याने पेन मागितला, तेव्हा तो तुमच्या हातातला दिलात, की काउंटरवर दोरीने बांधलेला?